संगणक नेमका अडतो कुठे? लिनक्स डेस्कटॉपचा उरक आणि प्रतिसाद

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यातले बरेचसे फिरून एकाच जागी येत होते. लिनक्स बसवलं, सुरुवातीला छान चाललं, पण मध्येच यंत्र ‘हँग’ होतं. माउस सरकतो पण क्लिक लागत नाही. कधी तर माउसही जागचा हलत नाही. हे का होतं आणि त्याचं काय करायचं, एवढाच आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर बसत नाही अशी कितीतरी चालू यंत्रं घरांत, शाळांत, छोट्या दुकानांत आहेत. चार जीबी रॅम, आत फिरती हार्ड डिस्क. लिनक्सवर ती आणखी काही वर्षं निघतील की भंगारवाल्याकडे जातील, हे सीपीयूच्या वेगावर फारसं ठरत नाही. वापरणाऱ्याला ते यंत्र ‘ऐकतं’ असं वाटतं का, यावर ठरतं. अर्धा तास बसून टाइप केलेला अर्ज सेव्ह करायच्या आधीच यंत्र गोठलं, तर माणूस पुन्हा त्याच्यासमोर बसत नाही. आणि त्याचं बरोबर आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. एक आहे उरक, म्हणजे तासाभरात एकूण किती काम निघालं. दुसरा प्रतिसाद, म्हणजे मी कळ दाबल्यापासून काहीतरी घडेपर्यंत किती वेळ गेला. बँकेतल्या काउंटरवरचा माणूस एकाच व्यापाऱ्याची पन्नास चलनं सलग उरकतो तेव्हा त्याचा उरक उत्तम असतो, कारण कागद बदलण्यात वेळ जात नाही. पण मागे उभ्या असलेल्या आजींना फक्त एक शिक्का हवा असतो आणि त्या पाऊण तास उभ्या राहतात. लिनक्स वाढलं ते मोठ्या प्रमाणात सर्व्हरवर, आणि सर्व्हरवाल्यांना उरक हवा असतो. आपण डेस्कटॉपवाले म्हणजे त्या आजी.

किती विलंब चालतो? पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो असं धरलं, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. खिडकी सरकवताना हे गणित चुकलं की गचका दिसतो. कळ दाबल्यावर उत्तर ‘लगेच’ आलं असं वाटायला साधारण एक दशांश सेकंदाची मर्यादा धरतात. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच अशा मर्यादा मांडल्या होत्या. माणूस तेव्हापासून बदललेला नाही. यंत्र मात्र हजारो पटींनी वेगवान झालं, तरी ते अडतं. म्हणजे अडण्याचं कारण निव्वळ वेगात नाही. कोणीतरी कोणासाठी तरी थांबलेलं असतं. कोण, आणि कशासाठी, ते शोधायचं.

पहिला संशयित नेहमी सीपीयू असतो. एका कोअरवर एका क्षणी एकच काम चालतं आणि रांगेत बरीच कामं असतात. पुढचा नंबर कोणाचा, हे कर्नलमधला शेड्यूलर ठरवतो. पंगतीची कल्पना करा. वाढपी एक, पानं चाळीस. काही मंडळी खाली मान घालून जेवणारी. व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्राम हा त्यांतला. काही जण एक घास खातात, दहा मिनिटं गप्पा मारतात, पण हाक मारली की भात त्याच क्षणी हवा असतो. आपला टेक्स्ट एडिटर हा असा पाहुणा. आपण कळ दाबेपर्यंत तो झोपलेला असतो.

२.६ मालिकेतल्या सुरुवातीच्या कर्नलमध्ये, म्हणजे २००३ च्या अखेरीपासून, वाढपी तोंडं बघून अंदाज बांधायचा. जो जास्त वेळ झोपतो तो गप्पिष्ट पाहुणा असणार, त्याला झुकतं माप. अंदाज बहुतेकदा बरोबर ठरायचा आणि कधीकधी सपशेल चुकायचा, कारण कोण व्याही आणि कोण फुकट जेवायला आलेला हे चेहऱ्यावरून कळत नाही.

इथे कॉन कोलिव्हास या माणसाचं नाव घ्यायला हवं. ऑस्ट्रेलियातले हे डॉक्टर, पेशाने भूलतज्ज्ञ. आपल्या घरातल्या लिनक्सचे गचके सहन होईनात म्हणून त्यांनी कर्नलमध्ये हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंदाज बांधूच नका, सगळ्यांना न्यायाने वाटा द्या, प्रतिसाद आपोआप सुधारेल. मार्च २००७ मध्ये त्यांनी तसा शेड्यूलर मांडला. पुढच्याच महिन्यात इंगो मोल्नार यांनी स्वतःचा वेगळा ‘कम्प्लीटली फेअर शेड्यूलर’ लिहिला, न्याय्य वाटपाच्या कल्पनेचं श्रेय कोलिव्हास यांना दिलं, आणि ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ या कर्नलमध्ये मोल्नार यांचाच शेड्यूलर गेला. कोलिव्हास कर्नलचं काम सोडून गेले. २००९ मध्ये ते नवा शेड्यूलर घेऊन परतले, पण तोही मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. या भांडणात कोण बरोबर यावर लोक अजून वाद घालतात. आमचं मत इतकंच, की डेस्कटॉपवाल्यांची तक्रार खरी आहे हे सगळ्यांना ऐकायला लागलं ते या डॉक्टरांमुळे.

न्यायाने वाटून प्रतिसाद कसा सुधारतो? नव्या वाढप्याच्या हातात वही असते. आजवर कोणाला किती मिळालं ते तो लिहितो आणि सर्वांत कमी मिळालेल्याला पुढचा घास देतो. गप्पिष्टाला कमीच मिळालेलं असतं, म्हणून त्याने हाक मारली की पहिला नंबर त्याचा. अंदाज नाही, ओळखपाळख नाही. अर्थात, तासभर गप्पा मारल्या म्हणून तासाभराचं जेवण एकदम पानात पडत नाही. त्याचा आकडा वहीत सध्याच्या पातळीजवळ आणून ठेवतात, नाहीतर बाकीचे उपाशी राहतील.

आता एक गंमत बघा. वाटप डोईमागे करायचं की घरटी? गावातली वर्गणी आठवा. तुम्ही एका टर्मिनलवर मोठा प्रोग्राम कंपाइल करायला लावलात आणि त्याने साठ प्रोसेस काढल्या. शेजारी तुमचा एकच व्हिडिओ चालू आहे. डोईमागे न्याय केला तर व्हिडिओला एकसष्टावा हिस्सा मिळणार. कागदावर चोख, पडद्यावर गचके. २०१० मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी दोनशेच्या आसपास ओळींचा एक पॅच लिहिला आणि हिशोब घरटी केला: एका सत्रातल्या सगळ्या प्रोसेस मिळून एक घर. साठ जणांच्या घराला अर्धा, एकट्या व्हिडिओला अर्धा. खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि मार्च २०११ च्या २.६.३८ कर्नलमध्ये तो आला. आता गनोम आणि केडीई हेच काम सिस्टमडीच्या मदतीने जास्त नीट करतात, प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचं घर देतात. जाता जाता एक सांगतो. घरटी वाटप चालू असताना ‘नाइस’ कमांड देऊन एखादं काम मागे सारलं, तर ते आपल्या घरातच मागे सरतं, शेजारच्या घराला त्याचा फायदा होत नाही. ‘नाइस दिला तरी फरक पडत नाही’ या तक्रारीचं हे एक कारण आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ कर्नलपासून वाढपी पुन्हा बदलला. पीटर झिल्स्ट्रा यांनी आणलेली ही पद्धत १९९५ च्या एका शोधनिबंधावर उभी आहे. लेखक आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब. वहीत आता दोन रकाने आहेत. किती मिळायला हवं होतं हा एक, आणि किती लवकर हवं हा दुसरा. लहान घास मागणाऱ्याची मुदत लवकरची लागते, म्हणून त्याचा नंबर आधी येतो. एकूण वाटा मात्र तेवढाच राहतो. जुन्या वहीत ‘कमी पण लगेच’ असं मागायची नीट सोय नव्हती.

(श्रोत्यांतून: मग आता शेड्यूलर इतका चांगला आहे, तरी माझा लॅपटॉप हँग का होतो?)

हाच प्रश्न हवा होता. कारण तुमचा लॅपटॉप बहुधा सीपीयूवर अडलेलाच नाही.

पुढच्या वेळी यंत्र गोठलं की कान द्या. फिरती हार्ड डिस्क असेल तर आतून सतत कर्रकर्र ऐकू येईल, आणि डिस्कचा दिवा विझणार नाही. सीपीयू त्या वेळी बराचसा रिकामा असतो. तो वाट बघत असतो.

रॅम भरत आली की कर्नलला जागा मोकळी करावी लागते. रॅममध्ये पानं असतात, बहुधा चार केबीची. काही पानांत तुमचा मजकूर असतो. त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नसते, म्हणून ती फक्त स्वॅपमध्येच टाकता येतात. पण काही पानांत प्रोग्रामचा स्वतःचा कोड असतो, आणि तो डिस्कवरच्या फाइलमध्ये आहेच. कर्नल म्हणतं, हे पान खुशाल टाकून देऊ, लागलं तर परत वाचू. आणि ते लगेचच लागतं, कारण तो कोड तुमच्या ब्राउझरचा, किंवा पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रामचाच असतो. ते परत आणायला दुसरं पान फेकावं लागतं, तेही लागतंच. ही येरझार एकदा सुरू झाली की काम जवळपास शून्य होतं. ‘स्वॅप बंद करा म्हणजे हँग होणार नाही’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. स्वॅप नसला की मजकुराची पानं हलवता येत नाहीत, आणि सगळा भार कोडच्या पानांवर येतो.

या येरझारीची किंमत समजून घ्या. रॅममधून काही आणायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरून कुठलंतरी एक पान आणायला १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. फडताळातला डबा काढायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कवरून तोच डबा यायला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. एसएसडीवरून सतरा मिनिटांच्या आसपास. अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आतबाहेर विखुरलेली पानं आणते, म्हणजे सेकंदाला जेमतेम चारशे केबी. त्या वेगाने ब्राउझरचे शेकडो एमबी परत भरायचे तर चहा करून या, पिऊन या.

मग रॅम संपल्यावर एखादा प्रोग्राम बंद करणारी व्यवस्था कर्नलमध्ये आहे, ती काय करते? बराच वेळ काहीच नाही. ती जागी होते जागा मिळतच नाही अशी खात्री पटल्यावर. आणि इथे जागा तर मिळतेय! प्रत्येक वेळी एक पान फेकलं जातंय, एक येतंय. कर्नलच्या दृष्टीने व्यवहार चालू आहे. खुर्चीतल्या माणसाच्या दृष्टीने यंत्र मेलेलं आहे. हँग होण्याचं सगळ्यांत मोठं कोडं आमच्या मते हे आहे, आणि शेड्यूलरच्या गाजलेल्या भांडणांपुढे ते वर्षानुवर्षं झाकून राहिलं.

ते सुटायला लागलं मोजमापामुळे. डिसेंबर २०१८ च्या ४.२० कर्नलमध्ये ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ ही सोय आली. योहानेस वायनर यांनी ती फेसबुकमध्ये काम करताना तयार केली. रॅम किती भरली हे ती सांगत नाही. रॅमसाठी कामं किती वेळ ताटकळली, ते सांगते. प्रोक फोल्डरमध्ये प्रेशर नावाचा उपफोल्डर आहे, त्यात सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा फाइली. मेमरीची फाइल उघडलीत तर दोन ओळी दिसतील, सम आणि फुल. फुलच्या ओळीत गेल्या दहा सेकंदांचा आकडा २० असेल, तर त्यातले वीस टक्के वेळ जागी असलेली सगळी कामं एकाच वेळी रॅमची वाट बघत थांबली होती. नव्वद टक्के भरलेली रॅम हा रोग नाही. मोकळी रॅम लिनक्स फाइली साठवायला वापरतंच. हा ताटकळण्याचा आकडा म्हणजे ताप मोजणं.

त्यावर उपायही उभे राहिले. फेडोरा वर्कस्टेशन ३२ मध्ये, २०२० साली, ‘अर्लीऊम’ नावाचा छोटा पहारेकरी आपोआप चालू झाला. मोकळी रॅम आणि स्वॅप दोन्ही ठराविक टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत जड प्रोग्राम बंद करतो, येरझार सुरू व्हायच्या आधी. पुढच्या वर्षी फेडोरा ३४ मध्ये त्याची जागा ‘सिस्टमडी-ऊमडी’ने घेतली, हा प्रेशरचे आकडेही बघतो. उबुंटू २२.०४ मध्ये तो आला तेव्हा आपला ब्राउझर अचानक बंद होतो अशा तक्रारी झाल्या. तक्रार समजण्यासारखी आहे. पण एक प्रोग्राम गेला आणि बाकीचे राहिले, हे बटण दाबून अख्खं यंत्र बंद करण्यापेक्षा बरं.

त्याहून आमच्या आवडीचा उपाय झेडरॅम. रॅमच्याच एका भागात पानं दाबून, संकुचित करून ठेवायची आणि त्यालाच स्वॅप म्हणायचं. पानं दुप्पट-तिप्पट दाबली जातात. ती उलगडायला सीपीयूला थोडे मायक्रोसेकंद लागतात, डिस्कचे मिलिसेकंद वाचतात. फेडोरा ३३ पासून तो तिथे आपोआप असतो. बाकी वितरणांत एखादं पॅकेज टाकून चालू करता येतो. चार जीबीच्या यंत्रावर आम्ही लिनक्स बसवून देतो तेव्हा पहिलं काम हेच करतो. त्याबरोबर ‘स्वॅपीनेस १० करा’ हा इंटरनेटवरचा जुना सल्ला विसरा. तो डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅममध्ये स्वॅप स्वस्त आणि फाइल परत वाचणं महाग, म्हणून आकडा उलट वाढवायचा, ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत नेता येतो.

डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये पानं निवडायची पद्धतच सुधारली. गूगलच्या यू झाओ यांनी लिहिलेल्या या पद्धतीत पानांच्या पिढ्या करतात, आणि सर्वांत जुन्या पिढीतली पानं आधी जातात. त्यात एक लहानशी कळ आहे, ‘मिन टीटीएल’. तिथे १००० लिहिलं तर गेल्या एका सेकंदात वापरलेली पानं कर्नल फेकत नाही. तेवढंही राखता आलं नाही, तर येरझार घालत न बसता एखादा प्रोग्राम बंद करतं. ही कळ मुळात शून्यावर असते. तुमच्या वितरणाने ती बदलली आहे का, ते पाहून घ्या.

पेन ड्राइव्हचं थोडक्यात. दोन जीबीचा चित्रपट कॉपी केला, पट्टी सरसर शंभरवर गेली, आणि ‘इजेक्ट’ म्हटलं की पाच मिनिटं काही हालचाल नाही. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेतं आणि मागून डिस्कवर उतरवतं. उपलब्ध रॅमच्या दहा टक्क्यांवर मागून उतरवणं सुरू होतं, वीस टक्क्यांवर लिहिणाऱ्यालाच थांबवतात. ही टक्केवारी ठरली तेव्हा रॅम थोडी होती. आठ जीबीत वीस टक्के म्हणजे दीड जीबीच्या आसपास, आणि सेकंदाला आठ एमबी लिहिणाऱ्या स्वस्त पेन ड्राइव्हला ते उतरवायला तीन मिनिटं. टक्क्यांऐवजी थेट बाइटमध्ये मर्यादा घालता येते. शेदोनशे एमबी ठेवलीत तर पट्टी खरं बोलायला लागते. भल्यामोठ्या लेखनामागे छोटं वाचन अडकू नये म्हणून २०१७ मध्ये दोन गोष्टी आल्या: येन्स ॲक्सबो यांचं लेखनाला लगाम घालणारं काम ४.१० मध्ये, आणि पाओलो व्हालेंते यांचा बीएफक्यू ४.१२ मध्ये. फिरत्या डिस्कवर बीएफक्यू वापरून पाहण्यासारखा आहे. वेगवान एनव्हीएमईवर त्याची गरज सहसा पडत नाही.

(श्रोत्यांतून: रिअल-टाइम कर्नल टाकला तर?)

रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे. काम अमुक वेळेच्या आत सुरू होईलच, याची ती हमी असते, आणि त्यासाठी थोडा उरक खर्ची पडतो. वीसेक वर्षांच्या कामानंतर २०२४ मध्ये ६.१२ कर्नलमध्ये ते मुख्य प्रवाहात आलं, हे मोठंच काम आहे. ध्वनिमुद्रण किंवा यंत्रमाग नियंत्रण करणाऱ्याला ते हवं. रॅमसाठी ताटकळणाऱ्या ब्राउझरला त्याचा उपयोग नाही.

(श्रोत्यांतून: आमच्या शाळेत दहा जुनी यंत्रं आहेत. पैसे एकाच गोष्टीचे आहेत. एसएसडी घ्यावी की रॅम?)

आधी एक तास मोजा. मुलं नेहमीसारखं काम करत असताना दोन-तीन यंत्रांवर प्रेशरच्या मेमरी आणि आयओ या दोन्ही फाइली दर काही मिनिटांनी वाचून कागदावर लिहा. मेमरीचा आकडा शून्याजवळ आणि आयओचा वर असेल, तर सरळ एसएसडी घ्या. दोन्ही वर असतील तर घाई करू नका. येरझारीत फेकलेली पानं डिस्कवरूनच परत येतात, म्हणून रॅमचा तुटवडाही आयओच्या आकड्यात दिसतो. अशा वेळी झेडरॅम चालू करून, त्यात पैसे जात नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात पुन्हा मोजा. मेमरीचा आकडा खाली आला, तर उरलेले पैसे एसएसडीला. नाही आला, तर रॅम. फक्त मागवण्याआधी झाकण उघडून रॅमचा स्लॉट आहे का ते बघा. काही लॅपटॉपवर रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, आणि मग प्रश्नच मिटला, एसएसडीच घ्यायची.